हंपावर गाडी विझते

भीमाचार्यांच्या छातीतली बॅटरी आणि त्यांच्या घरासमोरच्या गाडीतली बॅटरी एकाच पंधरवड्यात बदलली. पैकी गाडीतल्या बॅटरीची पूजा झाली.

छातीतलीची झाली नाही, कारण एक तर तिथे टाके ओले होते, आणि दुसरं म्हणजे पेसमेकर घरात आता जुना झाला होता. पहिला बसवला त्याला बरीच वर्षं झाली. त्याचा सेल संपत आला म्हणून डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली कातडीतली डबी तेवढी काढून नवी घातली. हृदयापर्यंत गेलेल्या वायरी जुन्याच ठेवल्या. "वायरी छान आहेत, नवं मशीन त्यांनाच जोडलंय," असं ते म्हणाले. घरी पाठवताना मात्र त्यांनी बजावून सांगितलं की चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर असाल तसे उठून या.

"आणि एकादशीला आली तर?" भीमाचार्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले.

त्या हसण्याचा घरी आल्यावर असा अर्थ लावण्यात आला की एकादशी या नियमातून वगळलेली आहे. भीमाचार्य मुंज झाल्यापासून निर्जळ एकादशी करत आले होते आणि तेव्हापासून दर एकादशीला त्यांना थोडंफार गरगरत असे. ज्या गोष्टीला साठसत्तर वर्षांची परंपरा आहे, तिला लक्षण कोण म्हणणार?

गाडीचं असं नव्हतं. गाडीला परंपरा नव्हती, त्यामुळे तिच्यात काही बिघडलं की लगेच दिसत असे. ती एका सकाळी चालू होईना, म्हणून मुलाने, वादिराजने, बनशंकरीच्या मेकॅनिकला, विनोदकुमारला बोलावलं. विनोदकुमारच्या तीन पिढ्या बंगळूरमध्ये गेलेल्या. आजोबा टांगे दुरुस्त करायचे, वडील स्कूटर, हा गाड्या. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीपेक्षा कमी कळलं तरी चालत गेलं. तो नवी बॅटरी स्कूटरवर पायांत धरून आला, ट्रॅफिकमुळे नेमका राहुकाळात पोचला, आणि भीमाचार्यांच्या पत्नी कृष्णाबाई "अय्यो, स्वल्प थांबा हो" म्हणत हळदकुंकू आणायला आत गेल्या तेवढ्यात ती बसवून मोकळा झाला; पूजा मागाहून झाली.

"झालं, सार." त्याने बॉनेट आपटलं. "आता एक सांगतो. नवी बॅटरी बसली की गाडी सगळं विसरते. घड्याळ बारा दाखवेल. खिडकीची काच आपोआप चढणार नाही. गाण्याचं मशीन हट्ट करेल. घाबरायचं नाही. गाडी हळूहळू शिकते."

"किती दिवसांत?" वादिराजने विचारलं.

"ते गाडीच्या बुद्धीवर आहे."

हे उत्तर वादिराजला आवडलं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. लोकांच्या सिस्टीम बंद पडल्या की त्या का बंद पडल्या, हे नंतर शोधून त्यावर रंगीत चित्रांसह व्याख्यान देणं हे त्याचं काम. बंद पडण्याच्या आधी त्याला कोणी बोलावत नसे.

जे. पी. नगरमधून मठाकडे जाताना एका माजी नगरसेवकाच्या घरासमोर हंप लागतो. रस्त्यावर आडवा घातलेला हा डांबराचा उंचवटा कोणी मंजूर केलेला नाही, त्याला पांढरे पट्टे नाहीत. दारातल्या फ्लेक्सवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येणाऱ्याजाणाऱ्याने सावकाश वाचाव्यात एवढाच त्याचा हेतू असावा. नवी बॅटरी बसल्यावरच्या पहिल्याच एकादशीला गाडी त्यावरून गेली.

गाडीतली बसण्याची व्यवस्था ठरलेली होती. भीमाचार्य सोवळ्यात मठात जात, म्हणून पुढच्या डाव्या सीटवर लोकरीची धाबळी पसरलेली असे. लोकरीला विटाळ नाही. त्यामुळे तेवढी सीट सोवळ्यात आणि उरलेली गाडी, चालवणारा मुलगा धरून, ओवळ्यात. घरून मठापर्यंत भीमाचार्यांना कोणी शिवायचं नाही. गियरवरचा वादिराजचा हातसुद्धा अंग चोरून असायचा. मागे कृष्णाबाई फुलांची परडी मांडीवर घेऊन बसत.

हंप आला. उशीर झाला होता, म्हणून वादिराजने वेग फारसा कमी केला नाही. भीमाचार्यांनी सवयीने डावा हात वर करून खिडकीवरची मूठ धरली. गाडी चढली, आदळली, आणि डॅशबोर्डावरचे होते नव्हते तेवढे दिवे एकदम लागून एकदम गेले. गाण्याच्या मशीनवरचं दासरपद, कानडी भजन, अर्ध्या शब्दात तुटलं. इंजिन मात्र चालू होतं. मग सगळं परत उजळलं. घड्याळात बारा.

"बघितलंस आई? सगळं विझलं!"

"राहुकाळात बसवली की," कृष्णाबाई मागून म्हणाल्या.

वादिराज घड्याळाकडे बघत होता. डावीकडे बघितलं तेव्हा वडिलांचा हात मुठीवरून घसरून धाबळीवर पडला होता आणि डोकं काचेला टेकलं होतं. तोंड थोडं उघडं.

"अण्णा?"

त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि धाबळीच्या काठाशी थांबला.

"अण्णा!"

भीमाचार्यांनी डोळे उघडले. "आला मठ?"

"काय झालं तुम्हाला?"

"काय व्हायचंय? डोळा लागला. काल रात्री तुझ्या त्या शेजाऱ्याचा कुत्रा..."

"एकादशी आहे रे," कृष्णाबाई म्हणाल्या. "पोटात पाणीसुद्धा नाही. तू गाडीचं बघ."

वादिराजने गाडीचं बघितलं.

आधी त्याने व्होल्टेज मोजायचं मीटर आणलं. मग स्टिअरिंगखाली खोचायचं एक यंत्र आणलं, ते फोनवर गाडीची कुंडली दाखवत असे. कुंडलीत दोष नव्हता. तो संध्याकाळी ऑफिसातून येऊन एकटाच गाडी काढायचा आणि हंपावरून जायचा. चाचणी म्हणून जायचा, त्यामुळे सासरी आलेल्या सुनेने माप ओलांडावं इतक्या अलगद गाडी उतरवायचा. काही होत नसे. मठात जाताना मात्र उशीर ठरलेलाच, आणि मठात जाताना गाडी विझत असे. पुढच्या गुरुवारी विझली. त्याच्या पुढच्या शनिवारी विझली. दोन्ही वेळा भीमाचार्यांचा डोळा लागला.

"आज तर एकादशी नव्हती," शनिवारी वादिराज म्हणाला.

"चातुर्मास आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "या महिन्यात दूध वर्ज्य. अंगात काय राहणार?"

मग वादिराजने जेवणाच्या टेबलावर निष्कर्ष मांडला. ऑफिसात मांडायचा तसाच, उभं राहून.

"मी एकटा असलो की गाडीला काही होत नाही. अण्णा बसले की होतं. बदललेली गोष्ट एकच, अण्णांचं नवं मशीन."

त्याची बायको सौम्या ताटं वाढत होती. "चालू इंजिनाशेजारी पेसमेकरवाल्यांनी वाकू नये, असं मी वाचलंय," ती म्हणाली. "इंजिनाचा मशीनला त्रास होतो म्हणे."

"तेच! मग मशीनचा इंजिनाला का होणार नाही?"

भीमाचार्यांनी आपोशन घ्यायला ओंजळ केली होती, ती तशीच राहिली. "म्हणजे मी गाडी बिघडवतो?"

"तुम्ही नाही अण्णा. तुमची फ्रीक्वेन्सी."

चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाने यावर बराच विचार केला. "शक्य आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही असावा. या वयात माणसाच्या असण्याने कशावर काही परिणाम होतो, हे ऐकायला बरं वाटतं.

विनोदकुमारला फोनवर विचारलं. त्याला शंकाच नव्हती. "होतं सार! येलहंक्याची एक गाडी यायची माझ्याकडे. वरून विमान गेलं की खाली डिकी उघडायची. करंट हवेतून येतो. आचार्रेंना मागे बसवून बघा."

बसवलं. धाबळी मागे उजवीकडे गेली, कृष्णाबाई पुढे आल्या. "मी काय पार्सल आहे?" म्हणत भीमाचार्य मागे बसले. हंपावर त्यांनी उजव्या हाताने उजवीकडची मूठ पकडली. गाडी आदळली, दिवे गेले, पद तुटलं.

"विझली रे!" मागून भीमाचार्य मुलांच्या उत्साहाने ओरडले. "बघ, बघ, घड्याळ बारा!"

वादिराज खट्टू झाला. वडील लांब बसूनही गाडी विझली, म्हणजे वडिलांचा दोष नाही. एक चांगला सिद्धांत हातचा गेला. त्या दिवशी वडील टक्क जागे होते, त्यांनी घड्याळसुद्धा वाचलं, ही या प्रयोगाची दुसरी निष्पत्ती कोणी उचललीच नाही. चाचणी गाडीची होती. धाबळी परत पुढच्या डाव्या सीटवर आली.

मधल्या एका सकाळी कृष्णाबाई स्वयंपाकघरात सुनेला सांगत होत्या, "काल हे सोवळं वाळत घालत होते. काठीने वर दांडीवर टाकतात ना, दोन्ही हात उंच करून. तर काठीच पडली हातातून. मी धावले. बघते तर भिंतीला टेकून खाली बसलेले, डोळे पांढरे."

"अय्यो! मग?"

"मग काय? स्नान करून आलेले, हात कसा लावू? लांब उभी राहून हाका मारल्या. थोड्या वेळाने म्हणाले, शिवू नकोस. तेव्हा जिवात जीव आला."

"आत्याबाई, डॉक्टर म्हणाले होते ना..."

"द्वादशी होती गं काल. पारणं व्हायचं होतं अजून. आदला अख्खा दिवस उपास."

सौम्याने हे रात्री वादिराजला सांगितलं. तो बिछान्यात फोनवर, हंपावर विझणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी एकमेकांना लिहिलेलं वाचत होता. जगात असे बरेच होते. "हूं," तो म्हणाला. "उद्या दवाखान्यात फोन करतो." दुसऱ्या दिवशी त्याने केलाही. चातुर्मास संपल्यावरची तारीख मिळेल का, असं विचारलं. तारीख मिळाली. अण्णांना व्रत मोडायला लावणं त्याच्या जिवावर आलं होतं.

भीमाचार्य हल्ली बोलता बोलता थांबत. वाक्य अर्ध्यावर ठेवून समोर बघत आणि मग भलतीकडून पुढे सुरू करत. घरात सगळ्यांना वाटे, नामस्मरण चाललंय. रात्री संथा म्हणण्याचा त्यांचा आवाज मध्येच बंद पडे. शेजारचा कुत्रा तेव्हा भुंकत नसे, आणि घर एकदम फार शांत होई. वादिराज उशीवरून डोकं उचलून ऐके. आवाज परत सुरू झाला की तो गाडीचा विचार करत झोपी जाई.

दोष सापडला तो फोटो काढताना. गाड्यांच्या मालकांपैकी कोणी एकाने बॅटरीचा फोटो मागितला होता. एकादशीच्या सकाळी वादिराजने बॉनेट उघडलं, वायरीची क्लॅम्प नीट दिसावी म्हणून बोटाने बाजूला करायला गेला, आणि ती क्लॅम्प बांगडीसारखी गरकन फिरली. आतून बारीकशी ठिणगी उडाली.

विनोदकुमार आला. त्याने बघितलं आणि मान हलवली. "हे का! हे मी बघणारच होतो. नव्या बॅटरीचं टर्मिनल बारीक आहे, तुमची क्लॅम्प जुनी, जाड टर्मिनलची. बसते, पण धरत नाही. सरळ रस्त्याला काही नाही. धक्का बसला की सुटते, परत टेकते."

"आणि फ्रीक्वेन्सी?"

"ते येलहंक्याला, सार." त्याने शिशाची पातळ पट्टी क्लॅम्पमध्ये गुंडाळून घातली आणि पान्याने आवळलं. "बॅटरी कितीही नवी आणा. जुन्या वायरीने तिला धरायला नको का?"

वादिराज हसला. मनमोकळं हसला. इतके दिवस घरात काहीतरी सुटतं आहे असं त्याला वाटत होतं, ते हे. त्याने स्वतः क्लॅम्प धरून हलवून बघितली. घट्ट. मग ऑफिसला जाताना त्याने हंपावरून गाडी मुद्दाम जोरात घातली, माजी नगरसेवकाचा वॉचमन शिवी देत धावला, आणि घड्याळ एका मिनिटानेही चुकलं नाही. त्याने आईला फोन केला. "सापडलं. सगळं ठीक आहे आता."

"देवाची कृपा," कृष्णाबाई म्हणाल्या. "यांनासुद्धा सांगते."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पारणं पहाटेच झालं. भीमाचार्य पोटभर जेवले, दोनदा भात घेतला, आणि ऊन वर आल्यावर पुन्हा स्नान करून, सोवळं नेसून मठात निघाले. धाबळी पुढे, परडी मागे. दासरपद चालू होतं. वादिराज रंगात आला होता. "बघा हं अण्णा, आज काही होणार नाही."

"बघू की."

फ्लेक्स दिसला. या वेळी दुसऱ्या कोणाचा तरी वाढदिवस होता. वादिराजने वेग मुळीच कमी केला नाही. भीमाचार्यांचा डावा हात वर गेला, मुठीला लागला. गाडी चढली आणि आदळली.

काही झालं नाही. दिवे जिथल्या तिथे. पद चालूच, एक अक्षर तुटलं नाही. घड्याळात नऊ वाजून गेले होते, खरोखरच वाजून गेले होते. वादिराजने विजयाने डावीकडे बघितलं.

हात मुठीवरून घसरत खाली येत होता, पाण्यात पडलेलं काही तळाला जावं तसा. मग डोकं काचेवर टेकलं.

"अण्णा."

पद चालू होतं. वादिराजने डॅशबोर्डाकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"एकादशी झाली ना काल..." कृष्णाबाई मागून म्हणाल्या.

"आई, पारणं झालंय."

"दूध नाही या महिन्यात..."

"दोनदा भात घेतला त्यांनी."

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. कधी कोण जाणे, पण गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. वादिराजला गाडी विझायला हवी होती. इतकी हवी होती की तो घड्याळाकडे बघत राहिला. त्याला मूठ दिसली, डावी. मागची उजवी आठवली, तिला धरून घड्याळ वाचणारे अण्णा आठवले. दांडीवर सोवळं टाकणारी काठी आठवली, ती उंच करावी लागते. डाव्या खांद्याखालची नवी डबी आठवली, जुन्या वायरींना जोडलेली. आणि काल विनोदकुमारसमोर आपण का हसलो, ते काही केल्या आठवेना.

भीमाचार्यांनी डोळे उघडले. ओठ पांढरे होते. "आला मठ?"

वादिराजने गाडी वळवली.

"मठ सरळ आहे की रे."

"आधी दवाखान्यात जाऊ, अण्णा."

"तारीख कार्तिकातली आहे. आणि सोवळ्यात दवाखान्यात? काही तरी बोलतोस!" त्यांना पुरता श्वास नव्हता, पण सूर शाळेतलाच होता. "वळव आधी. त्या तिथून मागे वळायला..." आणि रस्ता दाखवायला त्यांनी डावा हात उचलला.

"अण्णा, तो हात खाली! तो हात वर करू नका!"

"अरे, पण वळायचं कुठून ते..." हात खांद्यापर्यंत आला. वाक्य तिथेच राहिलं. डोळे उघडे होते, पण त्यातलं बघणं गेलं.

वादिराज उजवीकडे बसला होता, डावा हात त्याच्यापासून लांबच्या बाजूला. कृष्णाबाईंच्या मांडीवरची परडी पडली. त्या पुढे वाकल्या, सीट आणि दार यांच्या फटीतून हात घातला आणि धाबळीवरून नवऱ्याचं मनगट पकडून खाली ओढलं. ओढून मांडीशी दाबून धरलं. तुळशी, फुलं पायांत सांडली होती.

वादिराज पुढच्या सिग्नलला थांबला नाही. हॉर्न वाजवत राहिला. हॉर्न खणखणीत वाजत होता.

थोड्या वेळाने भीमाचार्यांनी आपल्या मनगटाकडे बघितलं. तिथला हात कोणाचा आहे ते त्यांना उमगायला वेळ लागला.

"शिवलीस," ते म्हणाले.

"शिवले."

"आता परत स्नान करायला लागणार मला."

"करा की. घरी आल्यावर करा." घरी आल्यावर, हे त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं.

दवाखाना अजून लांब होता आणि मधल्या रस्त्यावर शाळा होत्या, देऊळ होतं, दोन आमदारांची घरं होती. समोर पहिला उंचवटा दिसू लागला. वादिराजने वेग कमी केला, चाचणीच्या वेळी करायचा तितका. तरी हंप जवळ येताच भीमाचार्यांचा डावा हात सवयीने उठायला लागला, आणि कृष्णाबाईंनी दोन्ही हातांनी तो खाली दाबला.